न्यू जर्सीची राज्य निवडणूक: नोव्हेंबरची तयारी जूनच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसनमध्ये राहणाऱ्या, नव्याने अमेरिकेचे नागरिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी २०२५ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा मत दिले. गव्हर्नरपदाची नावे ओळखीची होती. त्याखाली असेंब्लीसाठी, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहासाठी, दोघांना मत द्या असे लिहिले होते आणि तिथले एकही नाव त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते. २०२७ साठी नीट तयारी कशी करावी, असे ते विचारतात. घरात आई-वडील आहेत, ते नागरिक आहेत पण इंग्रजी फारसे वाचत नाहीत. पत्नी ग्रीन कार्डावर आहे. कोणी काय करावे?

न्यू जर्सीच्या विधिमंडळाच्या बहुतेक जागांचा फैसला जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, होतो. नोव्हेंबरात त्यावर शिक्कामोर्तब होते एवढेच. एडिसन ज्या १८ व्या मतदारसंघात येते तिथे कित्येक वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाचेच उमेदवार निवडून येत आहेत. राज्याच्या वायव्य भागात किंवा ओशन काउंटीच्या बऱ्याच पट्ट्यात हेच चित्र रिपब्लिकन पक्षाचे आहे. चुरशीचे मतदारसंघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे नोव्हेंबरात मतपत्रिका हातात आल्यावर नावांची चौकशी सुरू करणाऱ्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते. तयारीला लागायचे ते मार्च-एप्रिलपासून.

आधी मतपत्रिकेवर काय असते ते पाहू, कारण प्रेसिडेंटच्या निवडणुकीची सवय असलेल्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. न्यू जर्सीत राज्याच्या निवडणुका विषम वर्षी होतात. १९४७ च्या राज्यघटनेने गव्हर्नरची मुदत चार वर्षांची केली आणि त्याची निवडणूक केंद्राच्या निवडणुकांपासून वेगळी ठेवली. म्हणून २०१७, २०२१, २०२५ आणि आता २०२९. विधिमंडळाचे ४० मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य निवडले जातात, म्हणजे सिनेटमध्ये ४० आणि असेंब्लीत ८० जागा. असेंब्लीची मुदत दोन वर्षांची. सिनेटचे गणित जरा वेगळे आहे: दर दशकात एक मुदत दोन वर्षांची आणि त्यानंतर दोन मुदती चार-चार वर्षांच्या. जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना होते आणि नव्या नकाशावर सगळ्यांना लवकर परत मतदारांसमोर जावे लागावे, हा त्यामागचा हेतू. यावेळी जनगणनेचे आकडे उशिरा आले, म्हणून २०२१ ची निवडणूक जुन्याच नकाशावर झाली आणि नवा नकाशा २०२३ पासून लागू झाला. २०२३ मध्ये निवडून आलेल्या सिनेटरांची चार वर्षे २०२७ च्या निवडणुकीनंतर संपतील. थोडक्यात २०२७ च्या मतपत्रिकेवर तुमचा एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य असतील, गव्हर्नर नसेल.

गव्हर्नर नसलेल्या वर्षी मतदार घराबाहेरच पडत नाहीत. २०२१ मध्ये गव्हर्नरची लढत असूनही मतदान ४० टक्क्यांच्या आसपास होते. २०२३ मध्ये ते साधारण २७ टक्क्यांवर आले. २०१५ मध्ये फक्त असेंब्ली होती, तेव्हा जेमतेम २२ टक्के. जूनच्या प्रायमरीत आकडा याहूनही खाली असतो. तिथे एका गृहसंकुलातली मंडळी ठरवून गेली तरी फरक पडू शकतो. ‘आपल्या एका मताने काय होणार’ हा विचार प्रेसिडेंटच्या निवडणुकीत एक वेळ समजू शकतो, पण असेंब्लीच्या प्रायमरीत तो साफ चुकीचा आहे.

‘दोघांना मत द्या’ याचा अर्थ नीट समजून घ्या. पुणे महापालिकेत चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा स्वतंत्र जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी होते. इथे तसे नाही. दोन्ही जागा एकाच मैदानात. समजा चार उमेदवार असले, तर सर्वाधिक मते मिळवणारे पहिले दोघे निवडून येतात. तुम्हाला दोन मते आहेत, पण दोन्ही वापरलीच पाहिजेत असे बंधन नाही. एकाच उमेदवाराबद्दल खात्री असेल तर एकालाच मत देऊन थांबता येते, ते पूर्ण वैध आहे. प्रायमरीत याला विशेष अर्थ आहे: दुसरे मत तुम्ही सहज कुणाला दिलेत तर तोच तुमच्या आवडत्या उमेदवाराच्या पुढे जाऊ शकतो. तिघांवर खूण केली तर मात्र घोळ होतो. मतदान केंद्रावरचे यंत्र तसे करू देत नाही, पण घरी आलेल्या कागदी मतपत्रिकेवर कोणी अडवणारे नसते. तिथे तिघांवर खूण झाली की त्या पदापुरते मत बाद. बाकीच्या पदांची मते मोजली जातात. चूक लक्षात आली तर खाडाखोड करू नका, काउंटी क्लर्ककडून नवी मतपत्रिका मागवा.

इतर राज्यांत राहिलेल्यांना न्यू जर्सीची मतपत्रिका फार आखूड वाटते. अ‍ॅटर्नी जनरल, ट्रेझरर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, न्यायाधीश, काउंटीचे सरकारी वकील, यांपैकी कुणालाच इथे मतदार निवडत नाहीत. हे सगळे गव्हर्नर नेमतो. राज्यभरातून निवडले जाणारे राज्याचे पद म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्याच जोडीला लेफ्टनंट गव्हर्नर; हे दुसरे पदही २००९ पासूनचे. शिवाय गव्हर्नरला अंदाजपत्रकातली एखादी ओळ खोडण्याचा अधिकार आहे, आणि विधेयक ‘हे बदल करा, मग सही करतो’ म्हणून परत पाठवण्याचाही. इतकी सत्ता एका माणसाच्या हाती असलेली राज्ये अमेरिकेत मोजकीच आहेत. तिला लगाम घालणारी जागा म्हणजे सिनेट, कारण महत्त्वाच्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते. इथे एक अलिखित प्रथा आहे: ज्या काउंटीतल्या माणसाची नेमणूक होत आहे तिथल्या सिनेटरने हरकत घेतली की नेमणूक तिथेच अडते, कारण सांगण्याचीही गरज नसते. न्यायाधीशांच्या कित्येक जागा या प्रथेपायी महिनोन्‌महिने रिकाम्या राहिल्या आहेत. ही प्रथा लोकशाहीला शोभणारी नाही असे माझे मत आहे, पण ती आहे. तुमचा सिनेटर कोण हे माहीत असण्याचे ते एक ठोस कारण आहे.

गव्हर्नरचा व्हेटो उलटवायला असेंब्लीत ५४ आणि सिनेटमध्ये २७ मते लागतात; साधे विधेयक ४१ आणि २१ मतांनी मंजूर होते. २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल यांनी रिपब्लिकन पक्षाच्या जॅक चिटारेली यांचा सुमारे १४ टक्क्यांच्या फरकाने पराभव केला, तेव्हा त्याच लाटेत असेंब्लीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या जागा ५२ वरून ५७ झाल्या. एकाच पक्षाकडे गव्हर्नर आणि इतके बहुमत असले की खरा वाद पक्षाच्या आत होतो, आणि पक्षाच्या आतला वाद मतदारासमोर येतो तो प्रायमरीत. इथे परत आपण जूनवर आलो.

जूनच्या मतपत्रिकेचा इतिहास माहीत नसेल तर न्यू जर्सीचे राजकारण कळत नाही. २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये, सेलम आणि ससेक्स सोडून, प्रायमरीची मतपत्रिका पदांनुसार आखलेली नसे. काउंटीच्या पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार वरच्या पदापासून गावपातळीपर्यंत एकाच सरळ ओळीत छापले जात. याला ‘काउंटी लाइन’ म्हणत. संघटनेचा पाठिंबा नसलेला उमेदवार दोन-तीन रकाने पलीकडे, एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात. मतदार वरच्या ओळखीच्या नावावर खूण करून त्याच ओळीत खाली येई. काउंटीचा पक्षाध्यक्ष ज्याला ओळ देई तो बहुतेक वेळा जिंकलेलाच असे. आपल्याकडे तिकिटासाठी जशी रांग लागते तशी इथे ओळीसाठी लागायची. फरक एवढाच की तिकीट पक्षाचे असते, आणि ही ओळ सरकारी खर्चाने सरकारी मतपत्रिकेवर छापली जायची.

२०२४ च्या फेब्रुवारीत, अमेरिकन सिनेटच्या प्रायमरीत उतरलेल्या अँडी किम यांनी याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अशी मतपत्रिका वापरायला मनाई केली आणि एप्रिलमध्ये अपील कोर्टाने तो आदेश कायम ठेवला. पुढे मार्च २०२५ मध्ये कायदाच झाला: आता दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत प्रत्येक पदाचा स्वतंत्र चौकोन, त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार. जून २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातून गव्हर्नरपदासाठी सहा जण लढले. मिकी शेरिल, रास बराका, स्टीव्ह फुलोप, जॉश गॉटहायमर, शॉन स्पिलर आणि स्टीव्ह स्वीनी. शेरिल साधारण ३४ टक्के मतांवर जिंकल्या. दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वाधिक मते तो पक्षाचा उमेदवार.

ओळ गेली म्हणून संघटनेचे वजन गेले असे समजू नका. पैसा, दारोदार फिरणारी माणसे आणि घरोघरी जाणारी पत्रके संघटनेकडेच आहेत. शिवाय प्रायमरीत उमेदवाराच्या नावाखाली सहा शब्दांपर्यंत घोषवाक्य छापता येते. सिनेट, असेंब्ली आणि टाउनशिपच्या चौकोनांत तेच घोषवाक्य दिसले तर ते एका पॅनेलचे आहेत हे ओळखा. तुम्हाला पॅनेल पसंत असेल तर काम सोपे झाले. नसेल तर प्रत्येक चौकोन सावकाश वाचा. नव्या मतपत्रिकेत चौकोन जास्त आहेत आणि घाईत एखादा पुरता सुटून जातो.

आता प्रायमरीत मत देण्याचा हक्क. न्यू जर्सीत राज्य फक्त डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांसाठी प्रायमरी घेते, कारण असेंब्लीच्या मतांपैकी १० टक्के मिळवण्याची अट इतर पक्ष पूर्ण करत नाहीत. मतदार नोंदणीत तुमचा पक्ष नोंदलेला नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येते. मग तुमची त्या पक्षात नोंद होते. पक्ष आधीच नोंदलेला असेल आणि तो बदलायचा असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज पोहोचला पाहिजे. २०२७ ची प्रायमरी नियमाप्रमाणे ८ जूनला येते, म्हणजे ही मुदत १४ एप्रिल. तारीख सरकू शकते. २०२५ ची प्रायमरी ३ जूनला यायची होती, ती ज्यू लोकांच्या शवुओत सणामुळे १० जूनला घेतली, म्हणून जानेवारीत एकदा खात्री करून घ्या. नवी मतदार नोंदणी २१ दिवस आधी बंद होते.

सर्वाधिक लोक अडकतात ते असे: पक्ष नोंदलेला नाही आणि नेहमी टपालाने मत देतात. नोव्हेंबरात मतपत्रिका न चुकता येते, म्हणून जूनमध्येही येईल असे गृहीत धरतात. येत नाही. कोणत्या पक्षाची मतपत्रिका पाठवायची हे क्लर्कला ठरवता येत नाही. पक्ष नोंदवा, नाही तर त्या दिवशी केंद्रावर जा. पक्षाची नोंद सार्वजनिक असते. मत कुणाला दिले हे गुप्तच राहते. काही मराठी कुटुंबे नोकरीत अडचण येईल या भीतीने पक्ष नोंदवत नाहीत. ती भीती अनाठायी आहे, आणि सुरक्षित मतदारसंघात पक्ष न नोंदवण्याची किंमत मोठी आहे.

टपाली मतदानासाठी कारण द्यावे लागत नाही. पाकिटात तीन गोष्टी असतात: मतपत्रिका, तिच्यासाठीचे आतले पाकीट आणि परतीचे बाहेरचे पाकीट. आतल्या पाकिटाला प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते, तिच्यावर तुमची सही हवी. ही पट्टी फाडून वेगळी करायची नाही. लोक ती पावती समजून फाडतात आणि मत बाद होते. दुसरी नेहमीची चूक नवरा-बायको एकाच टेबलावर बसून मतपत्रिका भरतात तेव्हा होते: पाकिटे अदलाबदल होतात आणि दोघांच्याही सह्या जुळत नाहीत. एकाचे पूर्ण आटोपल्यावरच दुसऱ्याने आपले पाकीट उघडावे. तिसरी चूक सहीची. भारतातून आल्यावर काढलेल्या लायसन्सवरची सही आणि आताची सही वेगळी असते. सही जुळली नाही किंवा करायची राहिली तर काउंटीचे बोर्ड ऑफ इलेक्शन्स तुम्हाला कळवते आणि दुरुस्तीचा फॉर्म पाठवते. तो भरून मुदतीत परत केला की मत वाचते. फोन नंबर आणि ईमेल नोंदणीत दिलेले असले तर हे लवकर कळते, पत्राच्या भरवशावर राहावे लागत नाही.

मतपत्रिका टपालाने पाठवली तर तिच्यावर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा आणि ती पुढच्या सहा दिवसांत पोहोचली पाहिजे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत टपालपेटीवर विसंबू नका. काउंटीच्या सुरक्षित ड्रॉप बॉक्समध्ये मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत टाकता येते. दुसऱ्याची मतपत्रिका नेऊन देता येते, पण एका व्यक्तीला तीनच, एकाच घरातल्या कुटुंबीयांच्या असतील तर पाचपर्यंत. नेणाऱ्याने पाकिटावर ठरलेल्या जागी आपले नाव, पत्ता आणि सही द्यायची असते. उमेदवाराला आपल्या मतदारसंघातल्या मतदाराची मतपत्रिका नेता येत नाही. कुणी उमेदवार ‘द्या, मी टाकतो’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

आणखी एक ठेच. एकदा टपाली मतदानाची मागणी केली की त्या निवडणुकीत केंद्रावरच्या यंत्रावर मत देता येत नाही. मतपत्रिका हरवली किंवा मन बदलले म्हणून केंद्रावर गेलात तर तुम्हाला तात्पुरती मतपत्रिका मिळते. तुमचे टपाली मत आलेले नाही याची खातरजमा करून ती नंतर मोजतात. म्हणजे मत वाया जात नाही, पण केंद्रावर हुज्जत घालण्यात वेळ जातो. काही वर्षांपूर्वी अर्जावर ‘पुढच्या सर्व निवडणुकांसाठी’ अशी खूण केली असेल तर मागणी आजही चालू असू शकते. नको असल्यास काउंटी क्लर्कला लेखी कळवून बंद करा.

घर बदलले असेल तर तेही आधीच पाहा. त्याच काउंटीत हललात आणि पत्ता बदलायचा राहिला, तर नव्या केंद्रावर तात्पुरत्या मतपत्रिकेवर मत देता येते. काउंटी बदलली तर मात्र २१ दिवसांच्या मुदतीतच नोंदणी करावी लागते. एडिसनहून ब्रिजवॉटरला गेलेली कित्येक कुटुंबे यात सापडतात, कारण मिडलसेक्स संपून सॉमरसेट काउंटी सुरू झालेली त्यांच्या लक्षातच येत नाही.

कुणाला फोन करायचा हेही लक्षात ठेवा. भारतात लोकसभा-विधानसभेसाठी निवडणूक आयोग एकच असतो, इथे कामे वाटलेली आहेत. मतपत्रिका छापणे आणि टपाली मतपत्रिका पाठवणे हे काउंटी क्लर्कचे काम. परत आलेली टपाली मते तपासणे आणि मोजणे हे बोर्ड ऑफ इलेक्शन्सचे, ज्यात दोन्ही पक्षांचे सदस्य सारख्या संख्येने असतात. मतदार नोंदणीचे कार्यालय काही काउंट्यांत आणखी वेगळे. ‘माझी मतपत्रिका आली नाही’ हे बोर्डाला आणि ‘माझी मतपत्रिका पोहोचली का’ हे क्लर्कला विचारत बसलात तर दोन दिवस जातात.

ज्येष्ठांसाठी माझी पहिली शिफारस आगाऊ मतदानाची आहे. नोव्हेंबरच्या निवडणुकीत नऊ दिवस आगाऊ मतदान असते, प्रायमरीत त्याहून कमी. काउंटीतल्या कुठल्याही आगाऊ मतदान केंद्रावर जाता येते. मतदानाच्या दिवशी मात्र ठरवून दिलेल्या केंद्रावरच, सकाळी ६ ते रात्री ८. आगाऊ मतदानाची वेळ सोमवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ८, रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत. गर्दी कमी आणि बसायला जागा. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्या मतदाराला स्वतःच्या पसंतीचा मदतनीस सोबत नेण्याचा हक्क फेडरल कायद्याने दिला आहे. मुलगा, सून, शेजारी, कुणीही चालेल. त्या मतदाराचा मालक किंवा त्याच्या कामगार संघटनेचा प्रतिनिधी मात्र नाही. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने हरकत घेतली तर शांतपणे हा हक्क सांगा आणि वरिष्ठाला बोलवायला सांगा. घरी सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, येते, त्यावर आई-वडिलांसोबत बसून मराठीत चर्चा करा आणि खुणा करून तेच केंद्रावर न्या, म्हणजे आत गेल्यावर घाई होत नाही. आधी एकदा मत दिलेल्यांना ओळखपत्र सहसा विचारत नाहीत. टपालाने नोंदणी करून पहिल्यांदाच मत देणाऱ्याची ओळख नोंदणीच्या वेळी पटलेली नसेल तर ते लागू शकते, म्हणून लायसन्स खिशात असू द्या.

पत्नीबद्दल मात्र फार काटेकोर राहा. ग्रीन कार्डावर मत देता येत नाही, नोंदणीही करता येत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून मोटार वाहन कार्यालयात लायसन्सच्या कामासोबतच मतदार नोंदणी आपोआप होण्याची सोय आहे आणि धोका तिथेच आहे. पडद्यावर भराभर ‘हो’ दाबत गेले, नागरिकत्वाच्या प्रश्नालाही ‘हो’ झाले, तर ती चूक पुढे नागरिकत्वाच्या अर्जात समोर येते. स्वतःला नागरिक म्हणवणे किंवा मत देणे यावरून हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकते. चुकून मतदार कार्ड घरी आलेच तर मत देऊ नका, आणि नाव काढण्याचे पत्र पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. ते पत्र पुढे फाइलचा भाग होते. देणगीचे नियम वेगळे आहेत. ग्रीन कार्डधारकाला उमेदवाराला देणगी देता येते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांना कुठल्याही पातळीवरच्या निवडणुकीत एक डॉलरही देता येत नाही, आणि त्यांच्या नावावर दुसऱ्याने देणेही बेकायदा आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम ते करू शकतात. खर्चाच्या आणि प्रचाराच्या निर्णयांत भाग घेऊ नये.

मुले सतरा वर्षांची असतील तर त्यांनाही सांगा: २०२६ पासून, नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर त्यांना जूनच्या प्रायमरीत मत देता येते.

उमेदवार ओळखायचा कसा? पत्रके वाचून नाही. आधी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून आपला मतदारसंघ आणि सध्याचे तीन प्रतिनिधी शोधा. मग त्यांनी मांडलेली विधेयके पाहा, पण नुसती संख्या मोजू नका. शेकडो विधेयके दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा दाखल होतात आणि समितीतच संपतात. मतदानाला काय घ्यायचे हे असेंब्लीचा स्पीकर आणि सिनेटचा प्रेसिडेंट ठरवतात. विधिमंडळाची मुदत संपली की उरलेली सगळी विधेयके बाद. विचारायचा प्रश्न असा: तुमचे कोणते विधेयक समितीतून बाहेर आले, आणि अडकले ते कुठे? विद्यमान सदस्याला या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे.

दुसरा स्रोत पैशाचा. राज्याचा निवडणूक खर्चावर लक्ष ठेवणारा आयोग इलेक या नावाने ओळखला जातो. मतदानाआधी २९ दिवस, ११ दिवस आणि मतदानानंतर २० दिवस अशा तीन टप्प्यांवर उमेदवार हिशेब देतात आणि ते कुणालाही पाहता येतात. ११ दिवसांचा अहवाल सर्वात बोलका. बांधकाम व्यावसायिक, टाउनशिपची कामे घेणाऱ्या अभियांत्रिकी कंपन्या आणि कामगार संघटना कुणामागे उभ्या आहेत ते त्यात दिसते. देणगी घेतली म्हणजे उमेदवार विकला गेला असे नव्हे, पण तुमच्या गावात गोदामांचा प्रश्न पेटलेला असेल आणि गोदामे बांधणारेच मोठे देणगीदार असतील, तर ते मतदाराला माहीत असावे. गव्हर्नरपदासाठी न्यू जर्सीत १९७७ पासून सरकारी निधीची व्यवस्था आहे. पात्र ठरलेल्या उमेदवाराला जमवलेल्या एका डॉलरमागे सरकारकडून दोन डॉलर मिळतात. त्या बदल्यात खर्चाची मर्यादा आणि वादसभांत भाग घेण्याचे बंधन येते. २०२५ मध्ये एका व्यक्तीकडून घ्यायच्या देणगीची कमाल मर्यादा ५,८०० डॉलर होती. विधिमंडळाच्या उमेदवारांना असा निधी नाही. तिथे संघटनेचा पैसा जास्त बोलतो.

प्रश्न विचारताना प्रॉपर्टी टॅक्सपासून सुरुवात करा. राज्यातले सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेले आहे. ते आकारतात टाउनशिप, काउंटी आणि शाळा, पण शाळांना राज्याकडून किती मदत यावी याचे सूत्र राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, ठरते. ‘मी टॅक्स कमी करीन’ हे उत्तर नाही. ‘शाळांच्या अनुदानाच्या सूत्रात आपल्या जिल्ह्याचा वाटा कसा बदलेल’ यावर बोलणारा उमेदवार विषय जाणतो. विजेच्या दरांचेही तेच: २०२५ च्या उन्हाळ्यात बिले साधारण २० टक्क्यांनी वाढली आणि तो प्रचाराचा मोठा मुद्दा झाला. दर मंजूर करणाऱ्या मंडळावरच्या नेमणुका गव्हर्नर करतो आणि सिनेट त्यांना संमती देते.

मत देण्यापलीकडे काही करायची इच्छा असेल तर काउंटी कमिटीकडे पाहा. प्रत्येक छोट्या मतदान विभागातून प्रत्येक पक्षाचे सदस्य जूनमध्येच निवडले जातात. अर्जाला थोड्या सह्या पुरतात आणि पुष्कळ जागांवर कुणी उभेच राहत नाही. विधिमंडळातली जागा मधेच रिकामी झाली की तात्पुरता सदस्य हीच मंडळी निवडतात. आज विधिमंडळात बसलेले बरेच जण आधी असेच आत आले आणि मग ‘विद्यमान सदस्य’ म्हणून मतदारांसमोर गेले.

मतदानाच्या रात्री आकडे पाहताना घाई करू नका. आगाऊ, टपाली आणि त्या दिवशीची मते वेगवेगळ्या वेळी जाहीर होतात, प्रत्येक काउंटीचा क्रम वेगळा असतो, आणि सहा दिवसांत येणारी टपाली व तात्पुरती मते नंतर जोडली जातात. २०२१ मध्ये तिसऱ्या मतदारसंघात सिनेटचे तत्कालीन प्रेसिडेंट स्टीव्ह स्वीनी एका ट्रकचालकाकडून, एडवर्ड डर यांच्याकडून, सुमारे २,३०० मतांनी हरले. स्वीनी यांनी लगेच पराभव मान्य केला नाही. उरलेली मते मोजून होईपर्यंत ते थांबले, आणि आठवडाभराने मान्य केला. त्यात गैर काही नव्हते. फरक अगदी कमी असला तरी न्यू जर्सीत फेरमोजणी आपोआप होत नाही. उमेदवाराला त्यासाठी सुपीरियर कोर्टात अर्ज करावा लागतो.